मागल्या चाकापाशीं पाझरणारें तेल

पहाटे मंडईंत उतरणारा भाजीपाला, डेअरीचे दुधाचे कॅन, बिऱ्हाड बदलतांना हलविलीं जाणारीं कपाटें व पलंग, या सर्वांची ने-आण शहरांत बहुधा पिकअप नांवाची लहान मालमोटार करते. पुढें चालकाची खोली आणि मागें उघडा हौदा, असें तिचें रूप सर्वांच्या परिचयाचें आहे. तिच्या मागल्या चाकाच्या आंतल्या अंगास कधीं कधीं काळपट ओल दिसते. टायरवर तेलाचा ओघळ उतरलेला असतो. "थोडें तेल गळतें, चालायचेंच," असें म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्याची रीत आहे. हें 'चालायचेंच' किती धोक्याचें आहे, आणि दुरुस्ती करतांना नेमकें काय पाहावें, हें समजण्यास त्या चाकाच्या अंतरंगांत थोडा प्रवेश केला पाहिजे.

मागल्या दोन चाकांमध्यें गाडीखालीं जी जाड पोलादी नळी आडवी दिसते तिला हाउसिंग म्हणतात. तिच्या मध्यावर जो फुगवटा असतो त्यांत दांतेरी चक्रांचा संच, म्हणजे डिफरन्शियल, बसविलेला असतो. एंजिनाकडून आलेली गति तो दोन्ही चाकांस वांटून देतो, आणि वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक फिरूं देतो. तेथून दोहों बाजूंस एकेक पोलादी दांडा चाकापर्यंत जातो. हाच आंस, कारागिरांच्या भाषेंत ॲक्सल. दांतेरी चक्रें दाट तेलांत फिरतात, आणि तें तेल उडून नळींतून चाकाकडे जातें. तेथें त्यास अडविण्यासाठीं जें कडें बसविलेलें असतें तेंच ऑइल सील.

हें सील दिसण्यांत क्षुल्लक आहे. बाहेर पत्र्याचें कवच, आंत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीशीं बारीक स्प्रिंगचें वलय, एवढीच त्याची रचना. ती स्प्रिंग ओठास फिरत्या आंसाशीं अलगद टेकवून ठेवते. पूर्वीं अशीं सीलें चामड्याचीं असत. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत नायट्राइल नांवाचें कृत्रिम रबर निघालें. तेलाचा त्यावर फारसा परिणाम होत नसल्यामुळें हळूहळू चामडें मागें पडलें. ओठ आणि आंस यांच्यामध्यें तेलाचा अतिसूक्ष्म थर असावाच लागतो. तो नसेल तर घर्षणानें रबर जळून जाईल. म्हणून ओठापाशीं किंचित् ओलावा असणें हा दोष नव्हे. ओघळ मात्र दोष होय.

आतां धोका कोणता? तेल कमी झालें म्हणजे दांतेरी चक्रें व बेअरिंगें झिजतात, हा एक. पण त्याहून मोठा धोका निराळा आहे. पिकअपच्या मागल्या चाकांत बहुधा ड्रम-ब्रेक असतात, आणि सीलमधून सुटलेलें तेल प्रथम तेथेंच पोहोंचतें. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि तेल म्हणजे घर्षणाचा वैरी. तेलानें भिजलेलें लायनर ड्रमवरून घसरूं लागतें. कधीं उलट तें अवचित चिकटून चाक जखडतें. एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा लागत नाहीं, आणि गाडी बाजूस ओढली जाते. मालानें भरलेली गाडी पावसांत घाट उतरत असतां असें झालें तर परिणाम काय होईल हें सांगावयास नको. शिवाय हातब्रेकही बहुतेक गाड्यांत याच चाकांवर चालतो. म्हणजे उतारावर उभी केलेली गाडीही भरंवशाची राहत नाहीं.

पहिलें काम निदानाचें. चाकापाशीं दिसणारी प्रत्येक ओल सीलमुळेंच असते असें नाहीं; ब्रेकचा सिलिंडर गळत असला तरी ओघळ तेथेंच दिसतो. डिफरन्शियलचें तेल दाट असतें, त्यास गंधकासारखा उग्र वास येतो, आणि तें पाण्यांत मिसळत नाहीं. नेहमींच्या वापरांतील ब्रेक-ऑइल पातळ असून पाण्यांत विरघळतें. पाण्याच्या पेल्यांत एक थेंब टाकला कीं भेद कळतो.

निदान झालें म्हणजे दुसरा प्रश्न येतो: सील गेलें कां? हा प्रश्न बहुतेक ठिकाणीं विचारला जात नाहीं, आणि म्हणूनच नवें सीलही थोड्याच दिवसांत गळूं लागतें. हाउसिंगवर ब्रीदर नांवाची एक लहानशी वाट हवेसाठीं ठेवलेली असते. ती चिखलानें चोंदली तर काय होतें? समजा, सकाळीं आंतली हवा ३० अंश सेंटिग्रेड होती आणि भार ओढून ती ९० अंशांवर गेली. कोंडलेल्या हवेचा दाब तेवढ्यानेंच सुमारें एक-पंचमांशानें वाढतो. कुकरच्या शिटीची वाट बंद झाली तर वाफ जशी रबरी कड्याशीं झगडूं लागते, तसेंच येथें तेल सीलच्या ओठाशीं झगडतें. उलट, तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यांत शिरली तर आंतली हवा आकुंचन पावते आणि पाणी आंत ओढलें जातें. मग तेल दुधाळ होतें.

याखेरीज कारणें आणखीही आहेत. प्रमाणाबाहेर भरलेलें तेल. झिजलेलें बेअरिंग, ज्यामुळें आंस डळमळतो व ओठ त्याच्याशीं सारखा टेकत नाहीं. अतिभारानें वांकलेलें हाउसिंग. आणि वर्षानुवर्षें ओठ घांसून आंसावर पडलेली खांच. नखानें ही खांच लागते कीं काय हें अवश्य पाहावें. लागत असल्यास त्या जागीं पातळ पोलादी बाही चढवितात, अथवा आंस बदलतात. नवें सील कितीही उत्तम असलें तरी खांचेवर तें टिकत नाहीं.

दुरुस्तीची रीत गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. फोर्ड व शेव्हरोलेट यांच्या अनेक हलक्या अमेरिकन पिकअप गाड्यांत आंसाच्या आंतल्या टोकाशीं सी या इंग्रजी अक्षराच्या आकाराचें लॉक असतें. तें काढण्यास डिफरन्शियलचें झांकण उघडावें लागतें. टोयोटाच्या हायलक्स गाड्या १९६८ पासून निघत असून भारतांत २०२२ पासून मिळूं लागल्या. त्यांच्या अनेक नमुन्यांत बेअरिंग आंसावर दाबून बसविलेलें असतें, आणि ब्रेकच्या प्लेटमागचे नट काढून प्लेटीसह आंस बाहेर ओढतात. यांत ब्रेकची नळी सोडावी लागत असल्यामुळें शेवटीं ब्रेकमधील हवा काढणें अपरिहार्य होतें. आणि बेअरिंग बदलावयाचें झाल्यास प्रेस असलेल्या कारखान्याकडेच जावें लागतें.

ड्रम काढण्यासाठीं हातब्रेक सोडावा लागतो. म्हणून पुढच्या चाकांस दोहों अंगांनीं लांकडी ठोकळे लावावे, आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवतां मजबूत लोखंडी घोड्यांवर टेकवावी. तेल सोडण्यापूर्वीं भरण्याचा बोल्ट खुलतो कीं नाहीं हें पाहावें. तो जाम असल्यास रिकामी गाडी जागींच अडकते. ब्रेकची धूळ हवेच्या फवाऱ्यानें उडवूं नये, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्यानें टिपावी. नव्या सीलचा ओठ तेलाच्या बाजूस ठेवावा, त्यास थोडें तेल लावावें, आणि सील सर्व बाजूंनीं सारखें ठोकून बसवावें. आंस आंत सरकवितांना त्याच्या दांत्यांनीं ओठ चिरला जाऊं देऊं नये. पुष्कळ नवीं सीलें याच क्षणीं बिघडतात.

तेलानें भिजलेलें लायनर धुऊन पुन्हां वापरण्याचा मोह टाळावा. वरून तें कोरडें दिसलें तरी मुरलेलें तेल ब्रेक तापतांच पृष्ठभागावर येतें. लायनरें बदलावयाचीं तीं दोन्ही चाकांचीं एकदम, म्हणजे दोहोंकडील पकड सारखी राहते. शेवटीं गाडी सपाट जागेवर उभी करून उत्पादकानें सांगितलेल्या जातीचें तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत घालावें.

सीलची किंमत या साऱ्या खर्चांत अल्प असते. खर्च येतो तो उघडण्या-बसविण्याच्या मजुरीचा. म्हणून एकदां उघडलेल्या चाकांत सर्व कांहीं पाहून घेण्यांतच काटकसर आहे. ब्रीदर न पाहतां केवळ सील बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. गाडीच्या मालकानें कारागिरास तीन प्रश्न विचारावे: ब्रीदर साफ केला काय? आंसावर खांच व बेअरिंगांत ढिलाई आहे काय? दोन्ही चाकांचीं लायनरें पाहिलीं काय? या तिहींचें उत्तर मिळाल्यावांचून गाडी घाटांत नेऊं नये.