मुळाचा माग काढणारे जिवाणू : सूक्ष्म नलिकांतील प्रयोग आणि संवर्धकांचा वापर

हरभरा, तूर, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम संवर्धक लावण्याची शिफारस सर्वपरिचित आहे. तथापि एकाच संवर्धकाचा गुण एका शेतात दिसतो, तर शेजारच्या शेतात दिसत नाही. साठवणुकीतील दोष, जमिनीचा सामू आणि तेथील मूळचे जिवाणू ही त्यामागील काही कारणे होत. याखेरीज आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे बियाण्यावरील जिवाणू वाढत्या मुळापर्यंत पोहोचतो कसा?

जिवाणूची वाटचाल

मुळांतून शर्करा, अमिनो आम्ले व सेंद्रिय आम्ले स्रवतात. मुळालगत त्यांची संहती अधिक असते व दूर जाताना ती घटत जाते. या चढउताराचा माग काढत जिवाणू मुळाकडे सरकतात. या क्रियेस रासायनिक अनुचलन म्हणतात. १९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी एश्चेरिचिया कोलाय या जिवाणूचा सूक्ष्मदर्शकाखाली मागोवा घेतला. हा जिवाणू सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, क्षणभर गिरकी घेतो आणि नव्या दिशेने निघतो. अनुकूल पदार्थाची संहती वाढत असल्यास त्याची सरळ धाव लांबते. पुढची दिशा तो आधी ठरवीत नाही. काही क्षणांपूर्वीच्या व आताच्या संहतीची तुलना करूनच तो मार्ग काढतो.

केसाएवढ्या नलिका

पूर्वी अशा अभ्यासासाठी पदार्थाने भरलेली केशनलिका जिवाणूंच्या द्रावणात बुडवून आत शिरलेले जिवाणू मोजले जात. परंतु जिवाणूभोवती नेमकी किती संहती होती, हे त्यातून नीट कळत नसे. मायक्रोफ्लुइडिक उपकरणाने ही उणीव बरीचशी दूर केली. पारदर्शक सिलिकॉन रबरात केसाच्या जाडीएवढ्या नलिका साकारून ते काचपट्टीवर चिकटवितात. इतक्या अरुंद जागेत शेजारून वाहणारे दोन द्रव घुसळून मिसळत नाहीत; त्यांच्या सीमेवर केवळ संथ विसरण होते. त्यामुळे संहतीचा चढ हवा तसा निर्माण करता येतो आणि प्रत्येक जिवाणूची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते. २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा उपकरणाद्वारे दाखविले की, केशनलिका पद्धतीत लक्षात न येणाऱ्या अत्यल्प ॲस्पार्टेटलाही जिवाणू प्रतिसाद देतात.

२०१७ मध्ये इस्राएलमधील वाइझमन विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच तंत्राने अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीचे जिवंत मूळ नलिकेत वाढवून त्याभोवती जिवाणू सोडले. बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू मुळाच्या सर्व भागांवर सारखे पसरले नाहीत. टोकामागील लांबी वाढणाऱ्या भागाकडे ते अल्पावधीत गोळा झाले.

शेतासाठी अर्थ

नलिकेतील स्वच्छ द्रव आणि शेतातील माती यांत मोठे अंतर आहे. मातीत जिवाणू कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहतात. माती कोरडी झाली की हा थर तुटतो. मुळाच्या स्रावांचा प्रभावही मुळाभोवतीच्या अल्प अंतरापुरताच असतो. म्हणून दूर पडलेला जिवाणू स्वबळावर मूळ गाठील, ही अपेक्षा व्यर्थ ठरते.

या दृष्टीने पाहता बीजप्रक्रियेच्या परिचित सूचनांमागील कारण स्पष्ट होते. संवर्धक बियाण्यावर एकसारखा बसला, तरच उगवणाऱ्या मुळाशेजारी जिवाणू हजर राहतात. बुरशीनाशक व कीटकनाशक यांची प्रक्रिया आधी आणि जिवाणू संवर्धकाची सर्वांत शेवटी करावयाची, ती जिवाणू जिवंत राहावेत म्हणून. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून, विलंब न लावता पुरेशा ओलीवर पेरावे. पेरणीनंतर काही आठवड्यांनी मोजकी रोपे हलक्या हाताने, मातीसह उपटून गाठी पाहाव्यात. गाठ कापल्यावर आतील भाग गुलाबी दिसल्यास ती नत्र स्थिर करीत आहे, असे समजावे.

संवर्धकासाठी जिवाणूंची निवड करताना आजवर नत्र स्थिर करण्याच्या क्षमतेवर मुख्य भर राहिला. मुळाकडे लवकर पोहोचण्याची क्षमताही या सूक्ष्म नलिकांत पारखता येईल. तोवर जिवाणूची वाट जितकी कमी करता येईल तितकी करणे शेतकऱ्याच्याच हाती आहे.