विश्लेषण : कोयनेच्या जलाशयात ‘क्रूझ’? बामणोली-वासोट्याची जलसफर कशी चालते?

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची छायाचित्रे समाजमाध्यमांवर दिसू लागल्यापासून ‘आपल्याकडे असे काही आहे का’ हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातही विचारला जातो. सातारा जिल्ह्याला समुद्र नाही. मात्र कोयना धरणामागे डोंगरदऱ्यांतून सुमारे ५० किलोमीटर पसरलेला शिवसागर जलाशय आहे. बोटीचा प्रवास, किनाऱ्यावर उतरून जंगलातील किल्ला पाहणे आणि परतल्यावर गरम भाकरी असा क्रूझला साजेसा एक दिवस येथे अनुभवता येतो. पण हे पाणी धरणाचे, जंगल वाघांचे आणि काठ विस्थापितांचा आहे. त्यामुळे येथील नियम आणि मर्यादा वेगळ्या आहेत.

क्रूझ म्हणजे नेमके काय?

क्रूझमध्ये जहाज हे केवळ प्रवासाचे साधन नसते. राहणे, जेवण आणि करमणूक जहाजावरच होते आणि वाटेतील ठिकाणी उतरून प्रवासी स्थळे पाहून परत येतात. देशात नदीवरील क्रूझचे ठळक उदाहरण म्हणजे ‘गंगा विलास’. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून निघालेल्या या जहाजाने बांगलादेशमार्गे दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचा प्रवास ५१ दिवसांत करण्याचे नियोजन होते. त्यात सुंदरबन आणि काझीरंगा ही अभयारण्येही होती. शिवसागरात मुक्कामी जहाज नाही. येथे आहेत त्या इंजिनावर चालणाऱ्या प्रवासी बोटी. त्या सकाळी निघतात आणि दिवस मावळण्याआधी परततात.

हा जलाशय कसा तयार झाला?

कोयना धरणाचे काम १९५०च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकात त्यात पाणी अडवले गेले. १०३ मीटर उंचीच्या या धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पाण्याचा मोठा हिस्सा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन त्यावर वीज तयार केली जाते. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. राहिलेले पाणी पूर्वेकडे सिंचनासाठी सोडले जाते. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचा ऊसही त्यावर अवलंबून असतो.

या पाण्याखाली जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतील अनेक गावांची शेती, घरे आणि देवळे गेली. काही कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली, काही डोंगरावर सरकली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे आंदोलने झाली. जी गावे काठावर राहिली, त्यांच्यासाठी बोट ही चैन नव्हती. शाळा, दवाखाना, बाजार सगळे पलीकडच्या तीरावर होते. माणसे लाँचने आणि वाहने तराफ्यावरून नेली जात. पर्यटकांच्या बोटी त्यानंतर आल्या.

जलसफरीचा मार्ग कोणता?

साताऱ्याहून कास पठारमार्गे बामणोली सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर आहे. महाबळेश्वरहून उतरल्यास तापोळा लागते. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम याच भागात आहे. बामणोली, तापोळा, शेंबडी आणि मुनावळे येथे स्थानिकांचे बोट क्लब आहेत. भाडे माणशी नव्हे, तर साधारणपणे बोटीमागे आकारले जाते. त्यामुळे दोघा-चौघांचा गट असेल तर दुसऱ्या गटाबरोबर बोट वाटून घेणे परवडते. संगम, दत्त मंदिर असे जवळचे फेरे तास-दोन तासांचे असतात. वासोट्यासाठी मात्र पूर्ण दिवस लागतो.

मुनावळे येथे मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारच्या जलपर्यटन प्रकल्पाचे उद्घाटन झाले. गोड्या पाण्यातील जलक्रीडा हे त्याचे वैशिष्ट्य. धरणाच्या सुरक्षेसाठी शासकीय गुपिते अधिनियमाखाली भिंतीपासून सात किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित होते. ते दोन किलोमीटरवर आणण्याचा निर्णयही जलपर्यटनाला वाट मोकळी करण्यासाठीच झाला.

किनाऱ्यावर उतरल्यावर काय?

बामणोलीहून तास-दीड तासाने बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. येथून कोयना अभयारण्य सुरू होते. वन विभागाची परवानगी घेऊन, ओळखपत्र दाखवून आणि शुल्क भरूनच आत जाता येते. सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजल्या जातात आणि त्या परत आणाव्या लागतात. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

दाट झाडीतून दोन-तीन तास चढल्यावर वासोटा येतो. शिवाजी महाराजांनी तो १६६० मध्ये घेतला. व्याघ्रगड हे त्याचे दुसरे नाव. पेशवाईच्या उत्तरकाळात ताई तेलिणीने याच गडावरून बापू गोखले यांच्या फौजेशी झुंज दिली. इंग्रज अधिकारी हंटर आणि मॉरिसन यांना येथेच कैदेत ठेवले होते. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. गडावरून समोर बाबूकडा आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे दिसतात. उतरताना वेळेचे भान ठेवावे लागते. बोट काठावर थांबलेली असते, पण अंधारात जलाशय ओलांडणे धोक्याचे असते.

वन्यजीव खरेच दिसतात का?

कोयना अभयारण्य (सुमारे ४२३ चौरस किलोमीटर) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (सुमारे ३१७ चौरस किलोमीटर) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. राज्यातील हा चौथा व्याघ्र प्रकल्प. दोन्ही जंगले २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहेत. गवा, सांबर, भेकर, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे आणि शेकरू ही येथील प्रमुख जनावरे. महाधनेशही येथे आढळतो.

मात्र हे ताडोबा नाही. जंगल सदाहरित आणि दाट आहे, उतार तीव्र आहेत. वाघ दिसेल या आशेने येणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. सकाळच्या फेरीत काठावर पाणी पिणारे गवे, पाण्यावरचे पक्षी आणि जंगलवाटेवर शेकरूची घरटी दिसली तरी दिवस सार्थकी लागला असे जाणकार मानतात. अलीकडच्या वर्षांत या प्रकल्पात स्थलांतर करून आलेले नर वाघ कॅमेऱ्यात टिपले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. वाघांची वस्ती रुजवण्याचा हा प्रयत्न असल्याने बोटींचा आवाज आणि माणसांची वर्दळ हा मुद्दा आता अधिक नाजूक झाला आहे.

जेवणाची सोय कुठे?

बोटीवर स्वयंपाकघर नाही. जेवण काठावरच्या घरांत आणि छोट्या खानावळींत मिळते. सकाळी निघतानाच जेवणारे किती हे सांगून ठेवावे लागते, कारण येथे सांगितल्यावरच चूल पेटते. नाचणी किंवा तांदळाची भाकरी, पिठले, खरडा, भात-आमटी, तर मांसाहारींसाठी गावठी कोंबडी किंवा जलाशयातील मासे असा बेत असतो. गडावर काहीही मिळत नाही, त्यामुळे दुपारचा डबा आणि पाणी सोबत न्यावे लागते. बामणोलीच्या काठावर तंबूत आणि घरगुती निवासातही राहता येते. जहाजावरील पंचतारांकित बुफेशी याची तुलना होणार नाही. पण ताटाचे पैसे थेट गावातल्या घरात जातात.

सांगलीच्या बाजूला काय?

वारणा नदीवरील चांदोली धरणाचा वसंतसागर जलाशय ३४.४० टीएमसीचा आहे. शिराळा तालुक्यातील मणदूर हे उद्यानाचे सांगलीकडील दार. येथे जंगल पाहायचे ते वाहनातून, ठरलेल्या मार्गावर. कृष्णा नदीत सांगलीकरांच्या होड्यांच्या शर्यती रंगतात. परंतु औदुंबर, भिलवडी परिसरातील पात्रात मगरींचा वावर आहे. त्यामुळे नौकाविहाराची हौस असली तरी नदीत उतरणे टाळावे लागते.

सुरक्षेचा प्रश्न का महत्त्वाचा?

बोटीची क्षमता ओलांडली की काय होते, हे सांगली जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. पूर आणि पर्यटन या वेगळ्या गोष्टी असल्या तरी धडा एकच आहे. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, ते पायाखाली ठेवून उपयोग नाही. ठरल्यापेक्षा जास्त माणसे बसत असतील तर बोटीत चढू नये. जलाशय खोल आहे, दुपारनंतर वारा वाढला की लाटा उठतात आणि अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

मोठे जहाज येथे का येऊ शकत नाही?

पहिले कारण पाणी. कोयनेचे जलवर्ष १ जून ते ३१ मे असे मोजले जाते. सप्टेंबरच्या सुमारास भरलेला जलाशय वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडल्याने मेपर्यंत खूप खाली जातो. काठ शेकडो फूट मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. कायमचा धक्का बांधायचा कुठे, हाच प्रश्न आहे. दुसरे कारण व्याघ्र प्रकल्पाचे निर्बंध. तिसरे कारण काठावरच्या माणसांचे. कांदाटी खोऱ्यातील अनेक घरांतील तरुण मुंबईत कामाला आहेत. मागे राहिलेल्यांना बोट, जेवण आणि निवास यातून रोजगार मिळतो. तापोळा-आहिर पुलासारखी कामे पूर्ण झाली की तराफ्याची गरज कमी होईल आणि गर्दी वाढेल. त्या गर्दीचे पैसे धरणासाठी जमीन दिलेल्यांच्या हातात राहतात की बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे जातात, हे बोटींचे परवाने कोणाला मिळतात यावर ठरेल.