सह्याद्रीतील वाघांचे पुनरागमन

सह्याद्रीतील वाघांचे पुनरागमन म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरील जंगलांत, विशेषतः कोयना, चांदोली आणि राधानगरी या परिसरांत, पट्टेरी वाघांचे पुन्हा आढळू लागणे होय. एकेकाळी संपूर्ण घाटात असलेला हा प्राणी शिकार आणि अधिवासाचा ऱ्हास यांमुळे विसाव्या शतकात येथून जवळजवळ नाहीसा झाला. गेल्या काही वर्षांत तो परतत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. मात्र या जंगलात वाघ प्रत्यक्ष दिसणे अत्यंत दुर्मीळ आहे. त्यामुळे त्याच्या पुनरागमनाची कथा बहुतांशी ठसे, विष्ठा, ओरखडे आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे यांच्या आधारेच सांगावी लागते.

पार्श्वभूमी

कोयना वन्यजीव अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचे क्षेत्र एकत्र करून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित करण्यात आला. तो सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेला असून त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,१६६ चौरस किलोमीटर आहे. कोयना धरणाचा शिवसागर आणि वारणेवरील धरणाचा वसंतसागर हे दोन विस्तीर्ण जलाशय, त्यांच्या भोवतीचे सदाहरित व निमसदाहरित वन आणि माथ्यावरील जांभ्याचे उघडे सडे असे येथील भूरूप आहे. कोयना, चांदोली आणि राधानगरी ही स्थळे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट आहेत.

प्रकल्प घोषित झाला तेव्हा येथे वाघांची स्थायिक, प्रजनन करणारी संख्या नव्हती. वाघांवाचून असलेला व्याघ्र प्रकल्प अशी त्याच्यावर टीका झाली. ती अगदीच निराधार नव्हती. पण दक्षिणेकडे वाघांचे मूळ क्षेत्र शिल्लक होते आणि तिकडून येणारी वाट पूर्णपणे तुटलेली नव्हती, ही बाब त्या टीकेत सुटून जात असे.

‘वाघ’ या शब्दाचा घोटाळा

पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि गोव्यात बोलीभाषेत बिबट्यालाही सर्रास ‘वाघ’ म्हणतात. पट्टेरी वाघाचा वेगळा उल्लेख करायचा असल्यास ‘ढाण्या वाघ’ किंवा ‘पट्टेरी’ असे शब्द वापरले जातात. परिणामी गावकऱ्याने दिलेली ‘वाघ दिसला’ ही माहिती खरी असूनही तिच्यातून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. वाघोबाच्या जुन्या देवस्थानांवरून पूर्वी तेथे पट्टेरी वाघ होता असे ठरवतानाही हीच अडचण येते, कारण वाघोबाच्या कल्पनेत दोन्ही प्राणी सामावलेले असतात. म्हणून अनुभवी वनरक्षक आधी अंगावर पट्टे होते की ठिपके हे विचारतात आणि मग स्वतः जागेवर जाऊन खुणा पाहतात.

ठसे आणि इतर खुणा

मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. त्यामुळे त्यांच्या पंजाच्या ठशात नखांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, रानकुत्रा आणि तरस यांच्या ठशांत त्या सहसा दिसतात. मार्जारांच्या तळव्याच्या गादीची मागची कड तीन गोलाईंची असते, हीही ओळखीची खूण आहे. प्रौढ वाघाचा ठसा साधारणतः १२ ते १५ सेंटिमीटर रुंद असतो, तर बिबट्याचा त्याहून पुष्कळ लहान, बहुधा ७ ते ९ सेंटिमीटर. नराचा ठसा चौकोनी भासतो, तर मादीचा किंचित लांबट. मात्र मऊ चिखलात ठसा पसरतो आणि वाघाच्या बछड्याचा ठसा मोठ्या बिबट्याच्या ठशाशी जुळू शकतो. केवळ मोजपट्टीवर विसंबून निर्णय देणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सह्याद्रीत आणखी एक अडचण आहे. सड्यावरील कठीण जांभ्यावर ठसा उमटत नाही आणि दाट रानात पाचोळ्याचा थर असतो. पावसाळ्यात एका सरीत वाटेवरील सर्व खुणा पुसल्या जातात. म्हणून ओढ्याकाठची ओली माती, पाणवठ्यांच्या कडा आणि धुळीने माखलेल्या जुन्या गाडीवाटा या जागांची पाहणी अधिक उपयोगी पडते. वाघही मोकळ्या वाटेने चालणेच पसंत करतो.

वाघ आपल्या क्षेत्राची हद्द जमिनीवर ओरबाडून, झाडाच्या खोडावर नखांचे ओरखडे काढून आणि झाडाझुडपांवर गंधद्रव फवारून दर्शवतो. या द्रवात बासमती तांदळाला सुगंध देणारेच रसायन आढळते, त्यामुळे काही वनकर्मचाऱ्यांना तो वास शिजत्या भातासारखा वाटतो. शिकारीवरील खुणाही बोलक्या असतात. वाघ मोठे जनावर बहुधा मागील बाजूने खाण्यास सुरुवात करतो. बिबट्या पुष्कळदा पोटाकडून किंवा छातीकडून खातो आणि शिकार झाडावर ओढून नेतो. सांबराचा खणखणीत इशारा, भेकराचे भुंकणे आणि वानरांचा कलकलाट यांवरून मोठा शिकारी जवळपास असल्याचे कळते. तो वाघ की बिबट्या हे मात्र त्या आवाजांतून समजत नाही.

विष्ठेतील केसांवरून शिकार झालेला प्राणी ओळखता येतो. विष्ठा कोणाची हे आकारावरून खात्रीने सांगता येत नसल्यास तिच्यावरील आतड्याच्या पेशींतून डीएनए वेगळा काढला जातो. त्यावरून प्रजाती व लिंग कळते आणि नमुना चांगला असल्यास तो विशिष्ट प्राणीही ओळखता येतो.

ठशांकडून कॅमेऱ्याकडे

भारतात वाघांची गणना दीर्घकाळ ठशांवरून होत असे. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, या गृहीतकावर ती आधारलेली होती. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदोपत्री वाघांची नोंद होत राहिली आणि २००५ पर्यंत तेथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. या धक्क्यानंतर गणनेची पद्धत बदलण्यात आली. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय गणनेत खुणांच्या पाहणीला स्वयंचलित कॅमेऱ्यांची जोड देण्यात आली. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यांवर येणारे प्राणी मोजण्याची प्रथा आजही चालू आहे. लोकांना जंगलाशी जोडण्यासाठी ती उपयुक्त असली, तरी एका रात्रीच्या नोंदीवरून वाघांची संख्या ठरवता येत नाही.

वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाची निराळी असते. शिवाय एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील नक्षी परस्परांशी जुळत नाही. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बसवावे लागतात; अन्यथा एकच वाघ दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो. प्राण्याच्या उष्णतेमुळे आणि हालचालीमुळे हे कॅमेरे आपोआप कार्यान्वित होतात. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर या काळात धुवाधार पाऊस आणि दाट धुके यांमुळे ते वापरणे कठीण होते. वर्षातील बराच काळ येथील माहिती अपुरी राहते, हे कोणताही आकडा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

सह्याद्रीतील नोंदी

मे २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एका वाघाचे छायाचित्र कॅमेऱ्यात टिपले गेले. त्यापूर्वीची अनेक वर्षे येथून केवळ ठसे आणि विष्ठा यांचेच पुरावे मिळत होते. पट्ट्यांची नक्षी जुळवल्यावर हाच वाघ २०२० मध्ये कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात असल्याचे आढळले. म्हणजे ज्याच्या आगमनाचा आनंद झाला होता, तो मुक्कामाला राहिलाच नव्हता. तरीही या नोंदीचे मोल मोठे आहे. काळी, गोव्यातील म्हादई, तिलारी, आंबोली, राधानगरी आणि चांदोली अशी जंगलांची साखळी वाघ प्रत्यक्ष वापरतात, हे तिच्यामुळे सिद्ध झाले.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्पात पुन्हा एका नर वाघाचे छायाचित्र मिळाले. तो २०२२ मध्ये राधानगरी अभयारण्यात टिपला गेलेला वाघच होता. या वेळी प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे झाला होता. या वाटेत खाणी, रस्ते, रबर व काजूच्या बागा आणि खासगी मालकीची जंगले आहेत. तिलारीच्या जंगलातील सुमारे २९.५ चौरस किलोमीटर क्षेत्राला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो प्रामुख्याने याच कारणासाठी.

वाघ किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण विदर्भात मिळते. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेल्या एका तरुण नराने ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत केलेला प्रवास त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे नोंदला गेला. त्याने तेलंगणात शिरून परत येत एकूण सुमारे ३,००० किलोमीटर अंतर कापल्याचे मानले जाते. वाटेत तो बहुतेक शेतशिवारांतून गेला आणि फार थोड्यांना दिसला.

नर आणि मादी

आईपासून वेगळा झालेला तरुण नर नव्या क्षेत्राच्या शोधात दूरवर भटकतो. मादी बहुधा आईच्या क्षेत्राला लागूनच स्थिरावते. म्हणून ज्या जंगलात वाघ परततो, तेथे आधी नर पोहोचतो आणि मादी पुष्कळ उशिरा, किंवा कधीच नाही. एखाद्या नराच्या छायाचित्रावरून ‘वाघ परतले’ असे म्हणणे त्यामुळे घाईचे ठरते. मादी आणि तिचे बछडे यांची नोंद झाली तरच ते पुनरागमन पक्के मानता येते. हीच उणीव भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा परिसरातील एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. त्याआधी भक्ष्य वाढवण्यासाठी सागरेश्वर अभयारण्यातील चितळ चांदोलीत सोडण्यात आले होते. सांबर, गवा, रानडुक्कर आणि भेकर हे येथील वाघांचे नैसर्गिक भक्ष्य आहे.

माहितीची गुप्तता

वाघाच्या अस्तित्वाचा पुरावा त्याच्या संरक्षणाला जसा उपयोगी पडतो, तसा शिकाऱ्यालाही. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत आढळले. जनावरे मारल्याच्या रागातून त्यांना विष घालण्यात आल्याचे तपासात पुढे आले. म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला.

या कारणांमुळे कॅमेरे बसवलेल्या जागा आणि वाघांचे ताजे ठिकाण वन विभाग जाहीर करत नाही. ताजा ठसा आढळल्यास त्याशेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्यावे, ठशावर पाय पडू देऊ नये, मागावर जाऊ नये आणि नजीकच्या वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे, अशी रीत आहे. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना मोबाइलने त्यात आपोआप नोंदवलेले स्थान काढून टाकणे आवश्यक असते. जनावर मारले गेल्यास पंचनाम्यानंतर शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. ती किती दिवसांत हाती पडते, यावर मृत जनावराच्या सांगाड्यावर विष टाकले जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.