चित्र पाहताना (७) : झोका इवला, आभाळ अफाट

गेल्या आठवड्यात चित्रकार वातोची नटूनथटून बागेत निघालेली मंडळी पाहिली. त्यानंतर अर्धशतकाने ज्याँ-ओनोरे फ्रागोनार (१७३२–१८०६) त्याच मंडळींना रानात सोडून देतो, आणि रानच त्यांना गिळून टाकतं.

फ्रागोनार म्हटलं की बहुतेकांना त्याचा १७६७ सालचा ‘झोका’ आठवतो. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधलं ते चित्र जेमतेम ८१ सेंटिमीटर उंच आहे. झोक्यावरच्या तरुणीची चप्पल हवेत उडालेली, झुडपात प्रियकर दडलेला. चित्र चावट आहे आणि अव्वल आहे, पण एकदा गंमत कळली की नजर फारशी कुठे हिंडत नाही.

आजचा झोका दुसरा. १७७५ ते १७८०च्या सुमारास त्याच चित्रकाराने काढलेला, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये असलेला. कॅनव्हास दोन मीटरहून उंच, आणि झोक्यावरची बाई मात्र शोधावी लागते! चित्राचा मोठा भाग ढगांनी आणि झाडांनीच व्यापला आहे. खाली माणसं आपापल्या नादात आहेत. एक बाई तर दुर्बीण लावून दूरवर बघते आहे. शेजारीच याचं जोडचित्र लावलेलं असतं. त्यात आंधळी कोशिंबीर रंगली आहे. दोन्हींतलं निसर्गदृश्य इतकं सलग आहे की ती मुळात एकाच मोठ्या चित्राची अंगं असावीत, असं अभ्यासक मानतात.

खेळ रोजचेच, मग हे स्वप्नासारखं का वाटतं? माझ्या मते कारण प्रमाणात आहे. माणसं मुंग्यांएवढी झाली की त्यांच्या हालचालींचा आवाज येईनासा होतो. शिवाय फ्रागोनार पानं काढत बसत नाही. पातळ रंगाचे झरझर फटकारे मारतो, त्यामुळे झाड कुठे संपलं आणि ढग कुठे सुरू झाला, ते नक्की सांगता येत नाही. ही जागाही नकाशावर सापडायची नाही. १७६०च्या उन्हाळ्यात रोमजवळच्या तिव्होलीत, व्हिला देस्तेच्या माजलेल्या बागेत राहून त्याने लाल खडूने ढीगभर रेखाटनं केली होती. १७७३–७४मध्ये तो पुन्हा इटलीला जाऊन आला. त्या आठवणींतूनच ही बाग उभी राहिली असावी. ‘फावल्या वेळातली साधी मौज’ म्हणून या चित्राचं कौतुक होतं, ते मला पुरतं पटत नाही. एवढा फावला वेळ त्या काळच्या फ्रान्समध्ये कितीजणांकडे होता?

१७८९ला क्रांती झाली आणि अशा चित्रांचं गिऱ्हाईकच उरलं नाही. फ्रागोनारला पुढे लूव्हरच्या नव्या संग्रहालयात काम मिळालं ते जाक-लुई दाविदच्या पाठिंब्याने. म्हणजे ज्याच्या शैलीने फ्रागोनारच्या रोकोको शैलीला मागे सारलं, त्याच्याच! त्या दाविदचं ‘होरेशियांची शपथ’ पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर ही दोन्ही चित्रं मोठी करून जरूर बघा, फुकट आहेत.