अपाचेचा वैमानिक: उजवा डोळा कॅमेऱ्यात, डावा बाहेर

अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचं हेल्मेट कधी नीट बघितलंय? उजव्या डोळ्यासमोर एक छोटीशी काच असते. वेग, उंची, दिशा, नेम, सगळं तिच्यावर उमटतं. रात्री हेलिकॉप्टरच्या नाकावरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं दृश्यही तिथेच दिसतं. डावा डोळा मोकळा. तो कॉकपिट आणि बाहेरचा अंधार सांभाळतो.

खरी कसोटी पुढे आहे. तो कॅमेरा वैमानिकाच्या डोळ्यांच्या बराच पुढे आणि खाली बसवलेला असतो. म्हणजे दोन डोळे दोन वेगळ्या जागांवरून बघतात! मेंदूला ही चित्रं एकत्र करता येत नाहीत. कधी एक वर येतं, कधी दुसरं. शिकताना डोकं भयंकर दुखतं. ब्रिटिश वैमानिक एड मेसी यांनी उड्डाणात स्वतःचा चेहरा चित्रित केला, तर डोळे वेगवेगळे फिरताना दिसले, असं त्यांनी लिहिलंय. मला मात्र डोळ्यांपेक्षा मेंदूचंच जास्त कौतुक वाटतं. हवं ते चित्र क्षणात पुढे आणायचं, तेही निव्वळ सरावाने!

शिवाय हेल्मेटशी जोडलेली ३० मिमीची तोफ मान वळेल तिकडे वळते. आपल्या हवाई दलात ही हेलिकॉप्टरं २०१९ मध्ये पठाणकोटला दाखल झाली.