शुश्रूषा करणाऱ्यांचीही काळजी : सजगतेचा अभ्यास



गेल्या वर्षी आमच्या सौ.ना नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. चौथ्या रात्री सलाईन संपत आले, दोनदा बेल दाबूनही कोणी येईना, म्हणून परिचारिका आल्यावर आम्ही तिच्यावर आवाज चढवला. ती उलट बोलली नाही. क्षणभर दाराशी थांबली, हातांना सॅनिटायझर चोळले आणि शांतपणे बाटली बदलली. शेजारच्या खोलीतला रुग्ण नुकताच दगावला होता, हे आम्हाला सकाळी कळले. ओळखीच्या एका निवृत्त मेट्रनबाईंना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, ते दाराशी थांबणं शिकावं लागतं." त्या शिकण्याविषयी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत डॉक्टर आणि परिचारिका आहेत, त्यामुळे विषय आपल्या घरचाच आहे.

सततच्या ताणाने येणाऱ्या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली : मन रिते होणे, समोरचा रुग्ण माणूस न वाटता नुसता खाट क्रमांक वाटू लागणे आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट केले की हा आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे. बँकेत मार्चअखेरीला आम्हीही रात्री जागवल्या, पण पुढे एप्रिल यायचा. रुग्णालयात तो येत नाही.

यावर एक उपाय म्हणून सजगतेचे, म्हणजे 'माइंडफुलनेस'चे प्रशिक्षण दिले जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अभ्यासक्रम सुरू केला, तो मुळात रुग्णांसाठी. शांत बसायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचे, मन भटकले की स्वतःला दोष न देता परत आणायचे. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीर कुठे ताठले आहे ते पाहायचे. एवढेच, पण रोज.

मूळ आपल्याला परके नाही. पाली भाषेतला 'सति' म्हणजे आपली 'स्मृती'. इगतपुरीला विपश्यना केंद्र उभारणारे सत्यनारायण गोयंका ज्यांच्याकडे शिकले, ते सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कार्यालयातल्या लोकांनाही ध्यान शिकवत. नोकरी सांभाळून हे करता येते, याचा आम्हा हिशेबाच्या माणसांना याहून चांगला दाखला कोणता?

रुग्णालयात तासभर डोळे मिटून बसायला सवड कुठली? म्हणून अभ्यास कामातच बसवतात. जंतुनाशक हातांना नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मागची खोली मागे ठेवायची, दोन श्वास पाहायचे आणि मग पुढच्या रुग्णाकडे जायचे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी आणखी एक पद्धत रूढ केली. रुग्ण दगावला की सगळे कर्मचारी खाटेभोवती सुमारे मिनिटभर स्तब्ध उभे राहतात, गेलेल्या माणसासाठी आणि स्वतःच्या प्रयत्नांसाठीही.

उपयोग होतो का? न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे 70 डॉक्टरांना आठ आठवडे आणि नंतर दहा महिने असे प्रशिक्षण दिले गेले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा मानसिक थकवा कमी झाला आणि रुग्णांविषयीची सहानुभूती वाढली. मात्र प्रशिक्षण न घेतलेल्या डॉक्टरांचा गट तुलनेला नव्हता, हेही लक्षात ठेवावे. शिवाय हा सर्वांना लागू पडणारा उपाय नाही. ताजा आघात किंवा मानसिक आजार असेल, तर आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी : दोघींनी चौघींचे काम करायचे असेल, तर श्वास पाहून मनुष्यबळ वाढत नाही. पुरेशी माणसे, वेळेवर सुटी, रात्रपाळीनंतर विश्रांती या जमेच्या मोठ्या रकमा आहेत. त्या न भरता व्यवस्थापनाने नुसते ध्यानाचे वर्ग घेतले, तर ताळेबंद जुळायचा नाही.

आणि आपला वाटा? पाळीवरून आलेल्या लेकीला किंवा सुनेला घरात शिरताक्षणी कामे सांगू नयेत. पंधरा मिनिटे तिला तिची असू द्यावीत. रुग्णाजवळ बसलो असू, तर बेल दाबल्यावर आपणही दोन श्वास थांबावे. त्या रात्री आम्ही थांबलो नाही. डिस्चार्जच्या दिवशी त्या परिचारिकेची माफी मागायला गेलो, तर तिची सुटी होती. ते देणे आमच्या खात्यावर अजून बाकी आहे.