पायाची सूज व हत्तीरोग

आपल्या नागपुरांत आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आसपासच्या जिल्ह्यांत ज्यानें हत्तीपाय पाहिला नाहीं असा वाचक क्वचितच सांपडेल. गुडघ्याखालीं जाड, कातडी खरबरीत, आणि घोटा कोठें संपतो व पाऊल कोठें सुरू होतें हें कळूं नये, असा तो पाय असतो. सुश्रुतसंहितेंत या रोगास श्लीपद म्हटलें आहे. तेव्हां तो आपल्या देशास नवा नव्हे. अशा मनुष्यास पाहून मुलें हसतात, मोठीं माणसें नजर वळवितात, आणि तो बिचारा आपला पाय वस्त्राखालीं लपवूं लागतो. हा पाय आतां कशानेंही सुधारावयाचा नाहीं, अशी घरच्यांचीही समजूत झालेली असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

प्रथम सूज म्हणजे काय तें पाहूं. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तांतील पाणी सतत बाहेर पाझरत असतें व शरीराच्या कणाकणास पोसतें. हें पाझरलेलें पाणी गोळा करून पुन्हां रक्तांत नेण्याचें काम लसिकावाहिन्या करितात. त्यांच्यामागें हृदयासारखा जोरदार पंप नाहीं. त्यांचें स्वतःचें मंद आकुंचन आणि चालतांना स्नायूंचा पडणारा दाब, एवढ्यावर तो प्रवाह वर चढतो. आंतील झडपा त्यास मागें येऊं देत नाहींत. पाझर वाढला किंवा निचरा खुंटला, म्हणजे पाणी सांठतें व सूज येते. शेताचा पाट तुंबला असतां बांधींत पाणी कां चढतें, हें धानाच्या मुलखांतील मुलांस सांगावयास नको.

म्हणून सूज हा स्वतंत्र रोग नसून रोगाची खूण होय. हृदय दुर्बळ झालें असतां बहुधा संध्याकाळीं दोन्ही पाय सुजतात. मूत्रपिंड बिघडलें असतां सकाळीं डोळ्यांभोंवतीं सूज दिसते. यकृताच्या विकारांत पोटांत पाणी होतें. या तिन्हींत वैद्याच्या सल्ल्यानें मीठ कमी केल्यास गुण येतो, आणि लोणचें व पापड हीं मिठाचींच भावंडें आहेत हें विसरूं नये. एकच पाय अकस्मात् सुजून दुखूं लागला, किंवा गर्भवती स्त्रीच्या तोंडावर व हातांवर सूज येऊन डोकें दुखूं लागलें, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

हत्तीरोगाची गोष्ट निराळी आहे. येथें नळीच बिघडते. दोऱ्यासारखे बारीक कृमी लसिकावाहिन्यांत वास करितात. ते सुमारें सहा ते आठ वर्षें जगतात, आणि त्यांची सूक्ष्म पिलें रक्तांत फिरतात. टिमोथी लुइस यांनीं १८७२ सालीं कलकत्त्यास तीं मनुष्याच्या रक्तांत पाहिलीं. पुढें १८७७ सालीं पॅट्रिक मॅन्सन यांनीं चीनमधील अमॉय येथें हीं पिलें डांसाच्या पोटांत वाढतात हें दाखविलें. आपल्याकडे हीं पिलें रक्तांत विशेषेंकरून रात्रीं दिसतात; म्हणून आरोग्यखात्याची माणसें रक्ताचा थेंब घ्यावयास रात्रीं दारीं येतात. त्यांच्यावर कुरकुरण्याचें कारण नाहीं. हा रोग पसरविणारा क्यूलेक्स डांस घाण पाण्यांत वाढतो. तुंबलेलें गटार व उघडी संडासाची टांकी हीं त्याचीं माहेरघरें.

आतां सुजलेल्या पायाविषयीं. रोग्यास मधून मधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि दर खेपेस तो थोडा अधिक जाड होतो. हा ताप कृमींचाच, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून साधे जंतू आंत शिरतात व तोच बहुधा या तापाचा उगम असतो. निचरा खुंटलेल्या पायास त्यांच्याशीं लढतां येत नाहीं. जे लोक सूज उतरावी म्हणून पायावर बिब्बा घालतात किंवा डाग देतात, ते जंतूंसाठीं नवें दार उघडतात, याहून कठोर शब्द आम्ही वापरीत नाहीं.

खरा उपाय इतका साधा आहे कीं लोकांस त्यावर विश्वास बसत नाहीं. रोज स्वच्छ पाण्यानें व साध्या साबणानें पाय धुवावा. पाणी कढत नसावें. घड्या व बेचके हलक्या हातानें, पाणी निवळ येईपर्यंत धुवावे. मग मऊ फडक्यानें टिपून घ्यावें, घासूं नये. बोटांमध्यें ओल राहूं देऊं नये, कारण तेथेंच बुरशी धरते व भेग पडते. पडलीच तर मलम लावावें. बसतांना पाय लोंबता न ठेवितां पाटावर घ्यावा, निजतांना त्याखालीं उशी द्यावी; हृदयाचा विकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. टांचा उचलणें, घोटा फिरविणें हे व्यायाम दिवसांतून अनेकदां करावे, पण ताप चढला असतां करूं नयेत. त्या वेळीं विश्रांति, थंड पाण्याची पट्टी व डॉक्टरांचें औषध हींच योग्य. सैल पादत्राण नेहमीं असावें. रोवणीच्या दिवसांत अनवाणी चिखलांत उतरणें टळत नाहीं हें आम्ही जाणतों. निदान घरीं परततांच पाय धुवून कोरडा करावा. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या या सुजेस उपयोगी नाहींत. इतकें नियमानें केल्यास पाय पूर्ववत् सडपातळ होईलच असें नव्हे. पण ताप विरळ होतो, सूज वाढावयाची थांबते, पुष्कळदां कांहींशी उतरतेही, आणि मनुष्य कामावर जाऊं शकतो. वृषणांत पाणी सांठलें असल्यास तें शस्त्रक्रियेनें बरें होतें. लाजेपायीं वर्षें घालविणें व्यर्थ.

राहिली गोळ्यांची गोष्ट. डीईसी या औषधाचा गुण १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत डीईसी, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन हीं तिन्ही औषधें एकत्र देण्यास आरंभ झाला. असें करणाऱ्या भारतांतील पहिल्या कांहीं जिल्ह्यांत आपली गणना होते. "आम्हांस कांहीं झालें नाहीं, मग गोळ्या कशास?" हा प्रश्न घरोघरीं ऐकूं येतो. परंतु ज्याच्या रक्तांत पिलें आहेत त्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं, आणि डांस त्याच्याकडूनच तीं शेजाऱ्याकडे नेतो. गोळ्या उपाशीपोटीं घेऊं नयेत. गर्भवती स्त्रिया, दोन वर्षांखालील मुलें व गंभीर आजारी माणसें यांस त्या देत नाहींत. आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवरून ठरते, म्हणून कार्यकर्ती प्रथम मुलास काठीशेजारीं उभें करून मोजते. गोळ्या घेतल्यावर एखाद्यास ताप येतो, डोकें दुखतें किंवा मळमळतें, आणि मग मोहल्ल्यांत ओरड होते कीं औषध बाधलें. बहुतेक वेळां तो मरणाऱ्या पिलांचा परिणाम असतो व एक-दोन दिवसांत ओसरतो. न ओसरल्यास गोळ्या देणारीस कळवावें, ती डॉक्टरांस बोलावून आणते.